उसवलेली म्यानं

माझ्याकडं पिस्तुलांची जुनी कातडी म्यानं होती. एकतीस. पलटणीतल्या लोकांची, कमरेच्या पट्ट्याला अडकवायची. पिस्तूल एकही नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो. एकदा कुणी तरी चुगली केली म्हणून पोलीस शिपाई दारात आला, त्यानंही तेच विचारलं. बायकोनं त्याला कॉफी दिली, मागच्या पडवीत नेलं, दोरीवर टांगलेली सगळी रांग दाखवली आणि तमिळमध्ये म्हणाली, "बघून घ्या. नुसती सालं. केळी यांना कधी मिळाली नाहीत." शिपाई हसत हसत निघाला. जाताना मला म्हणाला, तुम्हाला पिस्तूल कशाला, घरात तोफ आहे.

ती गेली त्याला आता सात महिने झाले. एकतीसपैकी अकरा म्यानं मी माझ्या हातानं उसवली. का उसवली ते लिहायचं आहे. मुलगी बेंगळूरला असते. ती म्हणाली, अप्पा, लिहून काढा, डोक्यातून जाईल. जाईल असं मला वाटत नाही. पण दुपारी करायला दुसरं काम नाही.

मी सीट शिवणारा माणूस. कुंभकोणच्या बसस्टँडामागं माझं दुकान होतं. बसच्या सीटा, मोटारीच्या गाद्या, रिक्षाचं छत, जे येईल ते शिवायचं. शिक्षण तमिळ शाळेत पाचवीपर्यंत. बाळबोध अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतली, कान पिळून. पुण्याचा एक पाहुणा एकदा म्हणाला, तुमचं मराठी पोथीतल्यासारखं वाटतं. वाटू दे. आम्हाला हेच येतं. वडील सांगायचे, आपले पूर्वज तंजावरला राजाच्या पागेत खोगिरं सांभाळायचे. खरं खोटं देव जाणे. राजा गेला, घोडे गेले, आणि आम्ही बसच्या सीटांवर आलो. माझ्या म्यानांना बायको खोगीरभरती म्हणायची ती यावरूनच.

म्यानांची सुरुवात नाचियार्कोविलला झाली. तिथं पितळी समया ओततात. आता भट्टीला विजेचे पंखे आलेत, पण पूर्वी कातडी भाते होते. भात्याचं कातडं फाटलं की मला बोलवायचे. मी सायकलच्या मागं सामान बांधून जायचो, जमिनीवर बसून भाता शिवायचो. ओतायला जुनं पितळ लागतं, ते पोत्यानं यायचं. फुटकी भांडी, नळाच्या तोट्या, बिजागऱ्या, आणि त्यातच कधी कधी पलटणीचे पट्टे, म्यानं, कारण त्यांना पितळी बक्कल आणि पितळी बटणं असतात. ओतकाम करणारा माणूस छिन्नीनं पितळ तोडून घ्यायचा आणि कातडं भट्टीत टाकायचा. घाण वास सुटायचा.

एके दिवशी असंच एक म्यान त्याच्या हातात बघितलं आणि मी म्हटलं, थांब, दाखव. मला लढाईचं काही नाही. कोण कुणाशी लढलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मला टाके दिसले. एका इंचाला आठ. सगळे एकाच उतारावर, पाऊस तिरपा पडतो तसे. दोन सुयांची शिवण होती ती. एकाच दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोरून काढायच्या. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. मी जन्मभर शिवलं, पण अशी शिवण माझ्या हातून दोनदा-तीनदाच झाली असेल. म्हटलं, एवढं पितळ घे तुझं, कातडं मला दे. तो म्हणाला, घेऊन जा, वास तरी कमी होईल.

पुढं तेच चाललं. नाचियार्कोविलला मिळायचं, स्वामीमलैला मूर्ती ओतणाऱ्यांकडं मिळायचं, भंगारवाल्यांकडं मिळायचं. बहुतेकांची बटणं आधीच तोडलेली. एखाद्याच्या झडपेवर बाणाची सरकारी खूण. एखाद्याला पुढच्या बाजूनं नळी साफ करायच्या गजाचा अरुंद खण. कातडं आपल्याच इकडचं, तरवडाच्या सालीत कमावलेलं, वासावरून कळतं. पहिल्यांदा मी त्याला तिळाचं तेल पाजलं. ते उकडलेल्या वांग्यासारखं लिबलिबीत झालं आणि काळं पडलं. मग कळलं की त्याला काही पाजायचं नाही, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि वारा द्यायचा. आमच्याकडं चार महिने हवाच ओली, तेव्हा रोज पुसायचं.

बायकोला कातडं चालत नव्हतं. तिच्या माहेरी सोवळं फार. पडवी आणि आतलं घर यांच्यामध्ये उंबरा आहे, तो तिनं मला बोट करून दाखवला. कातडं याच्या आत येणार नाही. हात धुतल्याशिवाय घागरीला हात लावायचा नाही. मेलेल्या जनावराची चामडी, त्यात माणसं मारायच्या वस्तूची, काय ही हौस, असं पहिली वीस वर्षं रोज ऐकलं. मग कमी झालं. बंद नाही झालं.

माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले त्यानंतर जवळचं नीट दिसेना. सुईत दोरा ओवता येईना. दुकान तेव्हा बंदच केलं होतं, पण म्यानांची दुरुस्ती चालू होती, कारण जुना दोरा कुजतो. मी पडवीत बसून दोरा चाटतोय, सुई उजेडाकडं धरतोय, असं पाऊण तास चाललेलं. ती उंबऱ्याच्या आतून बघत होती. शेवटी म्हणाली, "आणा इकडं. तुमच्या थुंकीनंच भिजेल ते." ओवून दिली आणि अंघोळीला गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी तिनं हिशेब केला की सुई ओवायची म्हणून रोज दुसरी अंघोळ परवडत नाही. मग ती सोमवारी एकदम वीस सुया ओवून ठेवायची, आठवड्याच्या, आणि एकदाच अंघोळ करायची.

पुढं एक दिवस म्हणाली, वाकडं जातंय. माझं वाकडं जात होतंच. तिनं हातातून ओढून घेतलं. झंपर शिवायची सवय होती तिला, पण कातड्याला आधी आरीनं भोक पाडावं लागतं, त्याला मनगट लागतं. महिन्याभरात ते आलं. मग सकाळची अंघोळच तिनं पुढं ढकलली. आधी शिवण, मग अंघोळ, मग स्वयंपाक. माझं जेवण दोनला व्हायला लागलं. मी कुरकुर केली. ती म्हणाली, चामडी तुमची, उशीरही तुमचा.

तीन वर्षांत तिनं अकरा म्यानं शिवली. काठ किड्यांनी खाल्लेला असायचा, जुनी भोकं फाटलेली असायची. तिथं ती थोडं आत सरकून नवी रांग पाडायची, आणि आतलं सुटलेलं अस्तरही त्याच टाक्यात धरायची. तिचे टाके इंचाला दहा. मी तिला सांगितलं, मूळचे आठ आहेत, आठच घे. ती म्हणाली, "शिपायाला आठ पुरले असतील. मला दहा बरे दिसतात."

आता शब्दाचं सांगतो. वडील या वस्तूला म्यान म्हणायचे, तलवारीला असतं तेच. भंगारवाले तमिळमध्ये उरै म्हणतात. कशावरही चढवायच्या गवसणीला तमिळमध्ये उरै. उशीचा अभ्रा उरै, पत्राचं पाकीट उरै, पिस्तुलाचं म्यानही उरै. माझ्या तोंडी बाजारातला शब्द बसला आणि माझ्यामुळं तिच्या. आमच्या घरात मराठीच बोलतात, पण त्यात असे तमिळ शब्द पिकलेल्या फणसात आठळ्या असाव्यात तसे आहेत. काढत बसलं तर हात चिकट होतात.

तिचं पोटाचं दुखणं होतं. सांगितलं उशिरा. रुग्णालयात अकरा दिवस होती. शेवटच्या चार-पाच दिवसांत तिच्या बोलण्यात दोन्ही भाषा मिसळायला लागल्या. नर्सशी मराठी बोलायची, माझ्याशी तमिळ, मध्येच मराठी. त्या दिवशी दुपारी शेजारीण भेटायला आली होती, पलीकडच्या घरातली. चाळिशीची बाई, तमिळ, बायकोला अक्का म्हणते आणि मला अण्णा. दोघींना बोलत सोडून मी खाली कॉफी आणायला गेलो. परत आलो तेव्हा शेजारीण बसला उशीर होतो म्हणून निघून गेली होती. बायकोचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली. ती म्हणाली,

"उरै... ठेवलंय. बघा."

मी विचारलं, काय ठेवलंय. तिनं माशी हाकलावी तसा हात हलवला.

"बघा म्हटलं ना."

हे शेवटचं. दुसऱ्या दिवशी ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, सुचलं नाही. मुलगी परत गेली आणि घर रिकामं झालं तेव्हा ते वाक्य वर आलं. मी ते असं धरलं होतं: उरैत ठेवलंय. उरैत काही तरी ठेवलंय, बघा.

मी आधी अभ्रे बघितले. घरातले सगळे, कपाटातले धुतलेलेही. मग पाकिटं बघितली. लग्नाची निमंत्रणं, तिच्या चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद, मुलीची शाळेतली फोटोपट्टी. यातलं काही 'बघा' म्हणण्यासारखं नव्हतं. मग राहिली पडवीतली रांग.

मुलगी फोनवर म्हणाली, "अप्पा, आईकडं लपवायला होतं काय? दोन बांगड्या, त्या माझ्याकडं आहेत."

मी म्हटलं, बांगड्या शोधत नाही.

"मग काय शोधताय?"

मी फोन ठेवला. बेचाळीस वर्षं संसार झाला. मी तिला एकदाही बरं बोललो नाही. वाईट बोललो असंही नाही. भात कच्चा राहिला तर ते सांगितलं, चांगला झाला तर जेवलो. तिनंही मला कधी सांगितलं नाही की माझ्याबरोबर तिचं बरं गेलं की वाईट. तिला तमिळ लिहिता यायचं, चिठ्ठ्या लिहायची ती, वाण्याला, दूधवाल्याला. मला वाटलं, तोंडानं आलं नाही ते तिनं लिहून कुठं तरी घातलं असेल. एवढी एकच ओळ मला पाहिजे होती. बरी असो वाईट असो.

त्याच सुमाराला म्यानांना गिऱ्हाईक आलं. मुलीनं फोटो कुठं तरी टाकले होते, ते बघून चेन्नईच्या एका माणसाचा फोन आला. पलटणीच्या वस्तू जमवणारा. सगळी घेतो म्हणाला, पंधरा दिवसांनी रविवारी येतो. मी हो म्हटलं. रोज पुसायचा कंटाळा आला होता. आणि खरं म्हणजे पुसताना कुणी कुरकुर करत नव्हतं, ते सहन होत नव्हतं. पण द्यायच्या आधी आत बघून घ्यायला पाहिजे होतं.

वीस म्यानांत हात घालून बघितलं. धूळ, एका ठिकाणी झुरळाची अंडी. त्यांना अस्तर नव्हतं, लपायला जागा नव्हती. राहिली अकरा, तिची. त्यांना अस्तर होतं, आणि अस्तर तिनंच शिवून बंद केलेलं. काही ठेवायचं असेल तर तिथंच. बाहेरून चाचपून बघितलं, जाड कातड्यातून काही कळत नाही. उजेडाकडं धरून बघितलं. मग मी दाढीचं पातं घेतलं.

शिवण उसवणं हे शिवण्यापेक्षा वाईट काम आहे. दुकानात ते मी दुसऱ्याच्या शिवणीचं करायचो आणि शिवणाऱ्याला शिव्या द्यायचो. इथं शिव्या कुणाला देणार. टोकाला ती दोरा तीन वेळा मागं फिरवून घ्यायची, कुणी ओढला तरी सुटू नये म्हणून. पहिल्या म्यानाच्या त्या तीन टाक्यांवर माझी अख्खी सकाळ गेली. पातं घसरून अंगठा कापला. अस्तर उचललं. आत वाळलेल्या खळीचा भुगा.

रोज एक, असं चाललं. हरलेला माणूस डाव सोडत नाही तसं झालं. पाच उसवून कामाचं काही नाही, तेव्हा थांबायला पाहिजे होतं, पण पाच उसवल्यावर सहावं सोडायचं कसं. चौथ्यात कागद निघाला. तमिळ वर्तमानपत्राचा तुकडा होता, अस्तर खाल्लेलं तिथं भर म्हणून तिनं घडी करून घातलेला. एका बाजूला लग्नाच्या मंडपाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला विड्याच्या पानांचा भाव. मी भिंग घेऊन दोन्ही बाजू वाचल्या. कुठं पेन्सिलीची खूण आहे का, एखाद्या अक्षराखाली रेघ आहे का. काही नव्हतं. सातव्यात शाईनं एक आकडा लिहिलेला, कुणा शिपायाचा. तो कोण, त्याचं काय झालं, मला काय करायचं. अकराव्यात काहीच नाही.

निघालेला दोरा मी डब्याच्या झाकणात ठेवत होतो. अकरा म्यानांच्या दोऱ्याची गोळी लिंबाएवढी झाली.

रविवारी तो माणूस आला. साठीचा, सभ्य, खिशात भिंग. मी पुढच्या ओट्यावर चटई टाकून सगळी मांडली होती. त्यानं एकेक उचललं, हुंगलं, बाणाची खूण बघितली, मागची बाजू बघितली. वीस एका बाजूला ठेवली. मग अकरांकडं आला. मी आधीच सांगायला सुरुवात केली की ती उसवलेली आहेत, नको असतील तर राहू द्या. त्यानं हात वर केला.

"हे कुणी उसवलं?"

"मीच."

"फार बरं केलंत. फोटोत मला दिसत होतं, मागाहून कुणी तरी शिवलंय. बारीक, नवे टाके. ते असते तर ही मी घेतलीच नसती."

मी चटईचा काठ सरळ करत बसलो. त्याला वाटलं मला कळलं नाही. त्यानं म्यान माझ्याकडं वळवून बोटानं दाखवलं, ही बाहेरची भोकं मूळची आणि ही आतली रांग त्या दुरुस्तीवाल्याची. मूळच्या भोकांतून तो जुन्या पद्धतीनं शिवून घेईल. आतली भोकं मेण आणि कातड्याचा भुगा भरून बुजवता येतात, त्याच्याकडं एक कारागीर आहे, चांगला हात आहे त्याचा. कळणारसुद्धा नाही की मध्ये कुणी सुई घातली होती.

तेव्हा मी भोकांकडं बघितलं. उसवताना मी दोऱ्याकडंच बघत होतो. कापडातून सुई काढली की भोक मिटतं, कातड्यात मिटत नाही. एवढं काम करून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण डोक्यात नव्हतं. इंचाला दहा, सरळ रांग, काठापासून सारख्या अंतरावर.

मी म्हटलं, "ही द्यायची नाहीत."

तो म्हणाला, किंमत वाढवू का. मी म्हटलं, वाढवू नका, वीस घेऊन जा. तो बराच वेळ समजावत राहिला, मी ऐकत राहिलो. शेवटी त्यानं वीस म्यानं कापडात गुंडाळून गाडीत घातली. त्यातली काही माझ्या लेकीपेक्षा जुनी होती घरात. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. दमलो होतो.

गाडी गेली तशी शेजारीण आली. सामान जाताना बघून तिला वाटलं मी घर मोडून मुलीकडं निघालो. नाही म्हटल्यावर ती बसली, आणि चटईवरची उसवलेली कातडी बघून तिचा चेहरा बदलला. बायको ही शिवायची तेव्हा ती भिंतीपलीकडून गप्पा मारायची.

"अण्णा, अक्कांनी शिवलेलं तुम्ही उसवलंत?"

मी तिला सांगितलं. मुलीला नीट सांगितलं नव्हतं ते हिला सांगितलं, का कुणास ठाऊक. त्या दुपारी मी कॉफी घेऊन आलो, ती म्हणाली उरैत ठेवलंय बघा, म्हणून मी अभ्रे बघितले, पाकिटं बघितली आणि शेवटी हे.

तिनं एक म्यान उचलून भोकांवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाली, "उरैत म्हणाल्या? की उरै म्हणाल्या?"

आता मराठीतला तो एक 'त' या तमिळ बाईला काय कळणार म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. मी आठवून बघितलं. 'उरै', मग श्वास घेतला, मग 'ठेवलंय'. 'त' नव्हता. 'त' मी घातला होता.

तिनं सांगितलं ते असं. दूध विरजायला घालतात त्या चमचाभर दह्यालाही तमिळमध्ये उरैच म्हणतात. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. कुठल्याही तमिळ माणसाला असतं. पण आमच्या घरात त्याला विरजण म्हणायचे, आणि विरजणाशी माझा संबंध पानात वाढण्यापुरता. त्या दोघी तमिळमध्ये बोलायच्या, त्यांच्यात ते उरै. रुग्णालयात जायच्या आदल्या दिवशी बायकोनं आपल्या दगडी भांड्यातलं दही भांड्यासकट हिच्याकडं नेऊन दिलं होतं. रोज लावत राहा, तुटू देऊ नको, माझ्या सासूच्या वेळचं आहे, आल्यावर घेईन. त्या दुपारी खाटेवर तिनं पहिलं तेच विचारलं होतं, ठेवलंय ना? ही म्हणाली होती, ठेवलंय. मी कॉफी घेऊन आलो तेव्हा ती मला तेच सांगत होती. उरै ठेवलंय. शेजारी आहे. बघा.

"आणि तुम्हाला भांडं परत घ्यायला सांग म्हणाल्या होत्या. दोनदा म्हणाल्या. तुमच्या घरात सगळं चाललेलं, मला भांड्याचं बोलायची लाज वाटली."

मी विचारलं, ते विरजण आहे का अजून.

तिनं मान खाली घातली. मार्गळी महिन्याच्या गारठ्यात एक दिवस लागलंच नाही. दूध तसंच राहिलं. तिनं पाकिटातलं दही आणून नवं लावलं. "तुम्हाला सांगायला हवं होतं, अण्णा."

मी म्हटलं, "सांगून मी काय केलं असतं. ते पण उसवलं असतं."

ती हसली नाही. घरी जाऊन भांडं घेऊन आली, घासून, उन्हात वाळवून. मी ते स्वयंपाकघरात नेलं. कुठल्या फळीवर असायचं ते मला ठाऊक नव्हतं. ओट्यावर ठेवलं, अजून तिथंच आहे.

मुलीला फोन केला. ऐकून ती हसायला लागली. "दही? अप्पा, दही?" मला राग आला. मरणाच्या दारात बाईला दह्याची काळजी, आणि इथं म्हातारा पंधरा दिवस अंगठे कापून घेतोय. मी म्हटलं, हसू नको. ती म्हणाली, हसत नाही. हसतच होती, आणि मग नव्हती. थोड्या वेळानं म्हणाली, "ते परत शिवून टाका. तसं पडलेलं बघवणार नाही मला, मी येईन तेव्हा."

तर ती ओळ नव्हतीच. मला काय पाहिजे होतं ते तिनं लिहिलं नाही, तिला ते लिहायचं सुचलंही नसेल. याचं वाईट वाटतं आणि वाईट वाटून घेण्याचाही कंटाळा येतो. रोज सकाळी उठून दात घासायचे, दूध तापवायचं, पाकिटातलं दही खायचं. ते आंबट असतं. हे असंच चालणार.

शिवायला बसतो ते दहाच्या सुमाराला, पडवीत ऊन येतं तेव्हा. मुलीनं सुई ओवायचं एक तारेचं यंत्र पाठवलं आहे, ते मेण लावलेल्या दोऱ्याला पुरत नाही, वाकतं. मोठ्या नेढ्याचं दाभण घेतलं तर ओवता येतं, पण दाभणानं तिची भोकं मोठी होतील. म्हणून बारीकच सुई, उजेडाकडं धरून, पुन्हा पुन्हा. कधी अर्धा तास जातो, कधी ओवलीच जात नाही आणि मी तसाच उठतो. आरी लागत नाही. भोकं तयार आहेत. डाव्या हाताची सुई घालायची, उजव्या हाताची घालायची, ओढायचं. तिच्याएवढा ताण माझ्या हाताला येत नाही, टाका जरा सैल बसतो. दिवसाला चार बोटं शिवण होते, मग मान दुखते. मधल्या आळीतून दुपारची फुलवाली ओरडत जाते तेव्हा आवरतो.

पहिल्या म्यानाला नऊ दिवस लागले. झडपेच्या वळणावर एका ठिकाणी तिनं टाक्याला दोन भोकं पाडली आहेत, अगदी शेजारी शेजारी. आरी चुकली असणार. मला तेव्हा तिनं सांगितलं नाही, नाही तर मी बोललो असतो. त्यातलं चुकीचं कुठलं ते मला ठरवता येईना. भिंग लावून बघितलं, अंतर मोजलं, कळेना. मी दोन्हींतून दोरा घेतला.